बंधुता कुठल्या खोलीत राहते?

(सांगलीतल्या विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



फ्रॅटर्निटी हा शब्द आपल्याला भेटला तो घटनेच्या सरनाम्यात. बाबासाहेबांच्या मसुदा समितीनं तो तिथं घातला. बंधुता. अमेरिकेतल्या कॉलेजात मात्र फ्रॅटर्निटी म्हणजे पोरांचा बंद वाडा. ग्रीक अक्षरांचं नाव, गुप्त शपथ, कॉलेजागणिक शाखा, तिला म्हणायचं चॅप्टर. आत कुणाला घ्यायचं ते आतले ठरवणार. १७७६ साली व्हर्जिनियात फाय बीटा कॅपा निघाली, तिथनं ही रीत. पोरींची ती सोरोरिटी. गोऱ्यांच्या वाड्यांनी काळ्यांना दार लावलं. मग १९०६ साली कॉर्नेलमध्ये सात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली. १९०८ साली हॉवर्डमध्ये काळ्या पोरींनी अल्फा कॅपा अल्फा काढली. मार्टिन ल्यूथर किंग अल्फाचेच. दार बंद झालं की माणूस आपलं घर बांधतो.

आपल्याकडं त्या घराला बोर्डिंग म्हणतात. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. वर्गात कोपऱ्यात बसायचं, घरनं आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते परत न्यायचं. कारण शाळेचा गडी त्याला शिवणार नाही! कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार बोर्डिंगं उभी केली. १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. तिथल्या कार्यक्रमाला एक जैन पोरगा गेला, परतल्यावर आंघोळ करायला नाही म्हणाला. त्याच्या बोर्डिंगानं त्याला बाहेर काढलं. तो पोरगा भाऊराव पाटील. घराणं आपल्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं.

त्याच माणसानं १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. महार, मांग, मराठा, मुसलमान, एकच चूल. पोरांनीच राबायचं, पोरांनीच रांधायचं. १९२७ साली गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. म्हणून मी म्हणतो, आपल्या बंधुतेचा पाया एका बाईनं घातला. आणि पोरींना आपण काय दिलं?

मी वसतिगृहात राहिलोय. कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडं तेच. पहिल्या दिवशी विचारलं, "पूर्ण नाव सांग." म्हणजे आडनाव सांग. मग खोली मिळाली. सगळे आपलेच, संडासाशेजारची. आम्ही पण साले कमी नव्हतो. आमच्यातल्या आमच्यात पोटजात बघून ताटं मांडली. पोरींच्या वसतिगृहाला सातला कुलूप, आम्ही बाराला भिंतीवरनं उडी मारायचो आणि क्रांतीवर बोलायचो. त्या कुलपाबद्दल मी एकदाही तोंड उघडलं नाही. आज लाज वाटते.

मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार हे पण वसतिगृहच. पँथरची पोरं तिथल्याच खोल्यांतनं बसायची. तेव्हा आपलं घर पाहिजे, वादच नाही. ज्याला दार लावलंय त्याला घर बांधू नको म्हणणारा लबाड आहे. पण त्या घराला आपण परत कडी लावली, तर तो आपला चॅप्टर झाला, चळवळ नाही.

म्हणून उद्या आपापल्या वसतिगृहात जा आणि तीन गोष्टी मागा. खोल्यांची यादी भिंतीवर लावा. जेवण एका पंगतीत. पोरापोरींच्या फाटकाला एकच वेळ. आणि पहिलं ताट आपल्या खोलीपासून एकत्र मांडा.

जय भीम.