गावाचे नाव आणि बाईचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण आपण उभे केलेत, म्हणून दोन शब्द बोलते.

माझे माहेर आंबाजोगाईचे. आजीच्या पितळी घागरीवर तिच्या नावाखाली 'मोमिनाबाद' असे कोरलेले आहे. लहानपणी मला वाटे, घागर परगावची असावी. आजी हसून म्हणाली, "अगं, आपलंच गाव ते!" निजामाच्या राज्यात आंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. 1948 साली ते राज्य गेले, पुढे नावही गेले. घागरीवर मात्र राहिले.

तेव्हापासून मला जुन्या नावांची गोडी लागली. आपल्या बीडचेच पाहा. 1969 सालच्या सरकारी जिल्हा गॅझेटियरवर इंग्रजीत 'भीर' छापले आहे. उर्दूत बीडच्या शेवटी जे अक्षर येते, त्याचा उच्चार ड आणि र यांच्या मधला. इंग्रजीत त्याला आर लावीत. म्हणून ड चा र झाला. गेवराईच्या इंग्रजी पाटीवर व च्या जागी ओ आहे; परका माणूस 'जिओराई' वाचील. केजचे तर 'कैज' होते. तरी एसटी बरोबर त्याच गावाला जाते!

पण ही मौज गावांची. बाईच्या नावाला ती सवलत नाही. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी माझी ठेव मोडायला गेले. एका कागदावर माझ्या इंग्रजी नावातला एक 'ए' गळालेला. "या दोन वेगळ्या बाया आहेत," म्हणून मला परत पाठवले. प्रतिज्ञापत्र झाले, चार खेपा झाल्या आणि ऑपरेशन महिनाभर लांबले. गावाला तीन नावे चालतात, माझा एक 'ए' चालला नाही!

म्हणून विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर आपले आणि लेकीसुनांचे सगळे कागद एकापुढे एक मांडा, नावे अक्षरागणिक जुळवा आणि चूक असेल तर गरज पडण्याआधी दुरुस्त करून घ्या. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या नातीला बसवा.

आणि नाव कोरलेली जुनी भांडी मोडीत घालू नका. आजीचे नाव तिच्या हयातीत कागदावर फारसे कुठे आले नाही; त्या घागरीवर आहे.