कोणतं हत्यार विकत घ्यायचं?

(दुचाकी दुरुस्तीचं काम शिकणाऱ्या आणि करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मेकॅनिक नाही. एम.एस.डब्ल्यू. होऊन बाहेर पडले तेव्हा मला रिंग पाना कोणता आणि फिक्स पाना कोणता हेसुद्धा कळत नव्हतं. हडपसरच्या बाजूला चौघीजणी मिळून गॅरेज चालवतात, त्यांच्याबरोबर मी सुरुवातीपासून आहे, हिशेबाची वही माझ्याकडे असते. हत्यारांवर मी बोलावं असं त्यांनीच सुचवलं. कारण पहिली चूक माझी होती, आणि ती मी स्वतःच्या तोंडाने सांगावी अशी त्यांची इच्छा दिसते.

प्रशिक्षण संपलं तेव्हा देणगीच्या पैशातून हत्यारं घ्यायची होती. यादी मी केली. दुकानदाराने शंभरावर नगांची एक सुंदर निळी पेटी दाखवली, ती मी घेतली. निम्मे सॉकेट इंची मापाचे निघाले! आपल्याकडे रोज येणाऱ्या हिरो, होंडा, बजाज, टीव्हीएस या गाड्यांचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा हे पाने रात्रंदिवस फिरतात, बाकीचे पेटीत झोपून असतात. लोकसहभाग या विषयावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. या चौघींना मात्र मी काहीच विचारलं नव्हतं.

आता खास हत्यारांकडे येते. साधे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर यांचा वाद नाही, ते लागणारच. प्रश्न येतो तो एकाच कामाला चालणाऱ्या हत्याराचा. उदाहरणार्थ मॅग्नेट पुलर. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. पुलर त्याच्या आट्यांवर चढवायचा, मधला बोल्ट आवळत न्यायचा, की टक् आवाज होऊन मॅग्नेट सुटतो. दोन मिनिटांचं काम. पुलर नसेल तर हातोडी. मग आतलं चुंबक तडकतं, नाहीतर क्रँकचे आटे बसतात, आणि गिऱ्हाईकाला भरपाई द्यावी लागते.

आमच्याकडे पुलर नव्हता. समोरच्या उस्तादांकडे होता. माणूस चांगला, कधी नाही म्हणाला नाही. पण गिऱ्हाईकाला बसवून रस्ता ओलांडून जायचं, त्यांचं हातातलं काम होईपर्यंत उभं राहायचं, मग ते म्हणणार, "कशाला पाहिजे ताई? गाडीच आणा इकडं, मी काढून देतो." दोनदा गाडी तिकडे गेली. गाडीबरोबर गिऱ्हाईकही गेलं.

तेव्हा आमच्यातल्या थोरलीने एक वही घातली. कोणतं हत्यार मागून आणलं, कोणत्या गाडीसाठी, किती वेळ गेला, एवढंच लिहायचं. दोन महिन्यांत वहीने सगळं सांगितलं. मॅग्नेट पुलर अकरा वेळा. क्लचच्या आतल्या चार खाचांच्या गोल नटाचा सॉकेट सात वेळा. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचं हत्यार एकदा. पुलर आम्हाला नाना पेठेत साडेतीनशेला मिळाला. अकरा खेपांत याहून जास्त पैसे बुडाले होते. मात्र सगळ्या गाड्यांना एकच पुलर चालत नाही, आट्यांचं माप बदलतं. म्हणून दारात कोणत्या गाड्या येतात ते आधी बघा. आमच्याकडे बायकांच्या गिअर नसलेल्या स्कूटर जास्त येतात, त्यामुळे बेल्टच्या बाजूची पुली धरून ठेवायचा होल्डर आम्ही लगेच घेतला. तुमच्या गावात शेतावर जाणाऱ्या मोटरसायकली असतील तर तो पडून राहील.

फिलर गेज मात्र पहिल्या दिवशी घ्या. टॅपेटमधली फट मोजायच्या त्या पातळ पट्ट्या स्वस्त असतात. जुने उस्ताद ते काम हाताच्या अंदाजाने करतात आणि गेज वापरणाऱ्याला हसतात. हसू देत. हा अंदाज लहानपणापासूनच्या उमेदवारीतून येतो, आणि गॅरेजवर उमेदवारीला मुलगा ठेवतात, मुलगी ठेवत नाहीत. आपल्याला जो हात शिकूच दिला नाही, त्याचं काम ती पट्टी करते.

ताकदीचंही तसंच. "हे ताकदीचं काम आहे, बाईला झेपायचं नाही," हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मागच्या चाकाचा गंजलेला नट पुरुषालाही नुसत्या मनगटाने सुटत नाही. तोही पान्याला पाइप लावतो. दांडा दुप्पट लांब केला की निम्मा जोर पुरतो. साइड कव्हरचे अडकलेले स्क्रू हातोडीच्या ठोक्यावर फिरणाऱ्या इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरने सुटतात. तो घ्याच.

उलट आमच्या मुलींचा हात जास्त आवळतो. कमी पडू या भीतीने आवळतात आणि अॅल्युमिनियमचे आटे जातात. त्यासाठी टॉर्क पाना घेतला. दहाचा पाना लागतो त्या छोट्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. मोटारीच्या कामाचा मोठा टॉर्क पाना इतक्या खाली भरवशाने मोजतच नाही, म्हणून लहान घेतला. तो महाग पडला, आणि घ्यायला हवा होता का यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या मते हवा होता.

काय घेऊ नका? सिलिंडर बोअर करणं, क्रँक दाबून बसवणं ही लेथवाल्याची कामं. त्यांची यंत्रं घ्यायच्या नादी लागू नका. कर्जाचा हप्ता कोणतंच यंत्र थांबवत नाही.

आणखी एक. सुरुवातीला एकीने आपल्या वाटणीची हत्यारं घरी नेली. दिराच्या गॅरेजला दोन दिवस म्हणून गेली, ती गेलीच. विचारलं तर घरात भांडण. तेव्हापासून बिल बाईच्या नावाने घेतो, हत्यारावर खूण कोरतो आणि हत्यार गॅरेजच्या कुलपात राहतं. दागिन्यांच्या बाबतीत आपण हे शिकलो होतो, पान्यांच्या बाबतीत विसरलो.

राहिला स्कॅनर. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंजिनचा दिवा लागला की गिऱ्हाईक घाबरून येतं. पण दर वेळी स्कॅनर लागत नाही. बॅटरी उतरलेली, कपलर सैल, वायर तुटलेली, हे मल्टिमीटरवर कळतं. तो आधी शिका. तरीही काही बिघाड स्कॅनरशिवाय उमगत नाहीत, आणि ती गिऱ्हाइकं सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. आम्हाला सांगितलेली किंमत पंधरा हजारांच्या पुढे आहे. कंपनीगणिक केबल वेगळी, वर अपडेटचे पैसे. एकट्या गॅरेजला हे परवडत नाही.

सासवडच्या दोघी आणि आम्ही मिळून घ्यावा असं चाललंय. तो कुणाकडे राहणार, केबल हरवली तर कोण भरणार, आणि हे पुन्हा मागून आणणंच नाही का, यावर काल रात्री बारापर्यंत वाद झाला. जेवणानंतर मागच्या खोलीत तोच पुढे चालवायचा आहे. ज्यांच्याकडे इंजेक्शनच्या गाड्या येतात त्यांनी जरूर बसावं, आणि तुमच्या वह्या असतील तर घेऊन या.