बोटं पांढरी पडतात तेव्हा

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत थंडीच्या सकाळी गार पाण्यात हात घालताच कुणाची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी, शेवटी लाल. सोबत बोटं सुजून कातडी ताठरत असेल, तर तो स्क्लेरोडर्मा हा आजार असू शकतो. यात रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ दाह धुमसत ठेवतं. टीजीएफ-बीटा पेशींना कोलॅजन हे तंतुमय प्रथिन नको तेवढं बनवायला लावतो. त्यानं त्वचा कडक होते, कधी फुप्फुसंही. इंटरल्यूकिन-६चा निरोप अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत या आजारातल्या फुप्फुसविकारासाठी मान्यता मिळाली. हा आजार शिवल्यानं पसरत नाही. अशी लक्षणं दिसली तर धाप लागेपर्यंत थांबू नका. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात डॉक्टरांना बोटं दाखवा.