धीराचा पैसा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "काका, गुंतवणुकीवर दहा मिनिटं बोला." जन्म बँकेत गेला, तेव्हा मी एफडीचे दर सांगेन असा बऱ्याच जणांचा समज असेल. पण आज मला वेगळ्याच पैशाबद्दल बोलायचं आहे. हल्ली आपल्या इमारतीतली मुलं लिफ्टमध्ये 'फंडिंग', 'व्हेंचर कॅपिटल' असे शब्द बोलतात. मी त्याला माझ्यापुरतं नाव दिलंय, धीराचा पैसा.

आधी एक जुनी गोष्ट. चाळीस वर्षांपूर्वी मी उपनगरातल्या एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. एक तरुण इंजिनिअर आला. हातात ड्रॉइंग, डोळ्यांत चमक. मी विचारलं, "तारण काय देणार?" तो म्हणाला, "साहेब, तारण असतं तर इथे कशाला आलो असतो?" मी अर्ज नामंजूर केला. नियमाने ते बरोबरच होतं. बँकेकडे असतो तो ठेवीदारांचा पैसा. कर्जदाराचा धंदा कितीही फळला तरी बँकेला मिळतं ठरलेलं व्याज, आणि बुडाला तर मुद्दलच जातं. मग बँक तारण मागणार नाही तर काय करणार? तो कारखाना चालला असता की नाही, देव जाणे. पण त्या मुलाने कुठे जायला हवं होतं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

त्याच्यासारख्यांसाठी जो पैसा असतो तो कर्ज म्हणून येत नाही, वाटा म्हणून येतो. धंदा बुडाला तर देणाऱ्याचेही बुडतात. वाढला तर त्याचा हिस्साही वाढतो. अमेरिकेत जॉर्ज डोरिओ नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक होते. त्यांनी 1946 साली या कामासाठी एक कंपनी उभी केली. 1957 मध्ये त्यांनी दोन तरुण इंजिनिअरांच्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत 70 हजार डॉलर घातले. संगणकात तेव्हा फारसं कुणाला पैसे मिळत नव्हते. डोरिओंनी घाई केली नाही, वर्षानुवर्षं वाटा धरून ठेवला. पुढे त्याची किंमत 35 कोटी डॉलरच्या घरात गेली. अशी संस्था काढणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, ज्यांना उद्या पैसा परत नको आहे असे पैसेवाले. दुसरी, शंभर ठिकाणी चिमूट-चिमूट टाकण्याऐवजी पारखून मोजक्या ठिकाणी भरघोस टाकण्याची हिंमत. आणि तिसरी, वाईट दिवसांत पळून न जाता त्या माणसाशेजारी बसण्याची तयारी. तिसरी सगळ्यात अवघड. पहिली दोन-चार वर्षं बुडालेले धंदेच आधी दिसतात. फळणाऱ्यांना वेळ लागतो.

आपल्याकडे हे नवीन आहे असं समजू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागाही सोडायची वेळ आली. अशा माणसाला आपल्यापैकी कुणी पैसे दिले असते? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिले. कुंडल स्टेशनजवळची 32 एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज. त्यातून 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते कर्ज होतं, वाटा नव्हता, हे बँकवाला म्हणून मी नमूद करतो. पण त्यामागची नजर व्हेंचर कॅपिटलचीच होती. तारण म्हणून त्यांनी माणूस पाहिला. तिथे आजही पंप तयार होतात.

सरकारी पातळीवर आपल्याकडे हे उशिरा आलं. 1988 मध्ये आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्टने मिळून अशी एक कंपनी काढली. सेबीचे नियम आले 1996 मध्ये, आणि 2012 मध्ये ते नव्याने लिहिले गेले. त्यांत साधारणपणे एका माणसाला किमान 1 कोटी रुपये घालावे लागतात. हा आकडा का एवढा मोठा? ज्याला बुडालेलं सोसणार नाही, त्याने इकडे फिरकू नये म्हणून!

आता घरची गोष्ट. आपल्याच इमारतीतला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी बसला. म्हणजे आईवडिलांच्या भाषेत घरी बसला, त्याच्या भाषेत कंपनी काढली. त्याचे वडील खाली बागेतल्या बाकावर मला म्हणाले, "साहेब, एफडी मोडतो, निवृत्तीचे पैसे आहेत. सांगा, देऊ का?" मी त्यांना एफडी मोडू दिली नाही. औषधपाण्याचा पैसा हा धीराचा पैसा नव्हे, त्याला धीर धरवत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला वर बोलावलं, दोन तास प्रश्न विचारले आणि माझे 1 लाख रुपये दिले. लेखी, वाट्याच्या बदल्यात. घरी सौ.ला सांगितलं, "हे गेले असं समज." ती म्हणाली, "चाळीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची!"

कंपनी अजून तोट्यातच आहे. लिफ्टमध्ये भेटला की तो मान खाली घालतो. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो, बाळा, मान वर कर. मी दहा वर्षांसाठी दिलेत. तेव्हा मी असलो तर हिशोब दे, नसलो तर काकूला दे. तोपर्यंत फक्त खरं काय ते सांगत जा, वाईट बातमी आधी.

मंडळी, आपण आरेच्या कुशीत राहतो. मुंबईतले तबेले हलवून 1949 मध्ये ही दूध वसाहत उभारली, तिचे शिल्पकार दारा खुरोडी. 1963 साली त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहाटे दुधाच्या केंद्रावर कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन रांग लावलेली आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती बाटली रोज दारात येण्यामागे कित्येक वर्षांचा धीर होता.

आणि आपली सोसायटी? इथे घर घ्यायचं ठरवलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, "बिबट्याच्या शेजारी?" जोत्याचा पत्ता नसताना आपण हप्ते भरले. शेजारच्या माणसावर विश्वास ठेवला. व्हेंचर कॅपिटल हा शब्द आपल्याला माहीत नव्हता इतकंच.

पुढच्या पंचवीस वर्षांत एखादं पोर ड्रॉइंग घेऊन तुमच्या दारात आलं, तर सगळ्यांनी पैसे द्यावेत असं मी म्हणत नाही. पण त्याला आत बोलवा, चहा द्या, दोन तास ऐकून घ्या. मी चाळीस वर्षांपूर्वी एका मुलाला दहा मिनिटंच दिली होती.