नावात उरलेली गावे

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेत होतो. मुलीच्या प्रवेशअर्जावर शाळेच्याही आधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’चे नाव लिहावे लागले. हा आपल्याकडचा महसुली जिल्हा नव्हे. बहुधा स्वतःचे निवडून आलेले मंडळ असलेले ते शिक्षणक्षेत्र. त्याची घडण पुष्कळदा नावातच सांगितलेली असते. टेक्सासमधील ‘इंडिपेंडंट’ म्हणजे नगरपालिकेच्या कारभारापासून स्वतंत्र. कॅलिफोर्नियातील ‘युनिफाइड’ म्हणजे प्राथमिक व माध्यमिक शाळा एका कारभाराखाली आणलेल्या; लॉस एंजेलिसमध्ये हे एकीकरण १९६१ साली झाले.

मला मात्र आयोवा राज्यातील एक नाव विसरता येत नाही : ‘बीसीएलयूडब्ल्यू’. उच्चारताना जीभ अडखळते; पण ती पाच गावांची आद्याक्षरे आहेत : बीमन, कॉनरॅड, लिस्कॉम्ब, युनियन आणि व्हिटन. १९३९-४० मध्ये त्या देशात सुमारे १ लाख १७ हजार शालेय जिल्हे होते. आज सुमारे १३ हजार उरले आहेत. लहान लहान शाळा एकत्र आल्या आणि दर वेळी प्रश्न उभा राहिला, नाव कोणाचे? या नावाने पाचांपैकी कोणालाच वगळले नाही.

तरीही वर्ग भरतात ते कॉनरॅड आणि युनियन येथे. उरलेल्या तीन गावांचे अक्षर आहे, शाळेची घंटा नाही.

हे येथे का सांगतो, ते आपण जाणता. आपल्या शाळेचा पट घटतो आहे. शेजारच्या शाळेशी विलीनीकरणाचा विचार व्यवस्थापनापुढे आहे आणि नव्या नावात ‘मराठी’ हा शब्द राहावा की नाही, यावर सभांतून वाद झडतात. तो राहावा, असेच माझे मत आहे. परप्रांतात साठ वर्षे ज्यांनी वर्गणी गोळा करून ही शाळा चालवली, त्यांची ती खूण आहे.

पण नावाने बाके भरत नाहीत. परत आल्यावर मी माझ्या मुलीला या शाळेत घातले नाही. ही कबुली दिल्यावाचून नावासाठी भांडण्याचा मला अधिकार नाही.

येत्या वर्षी माझी नात पहिलीत जाईल. मुलीच्या संमतीने मी कालच तिचे नाव शाळेच्या कार्यालयात नोंदवले आहे. नावाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी आपणही त्या खिडकीशी जाऊन यावे, एवढीच विनंती.