साखरेची दारं

आमचं कसबा बावडा उसाचं गाव. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना इथलाच. कारखान्यात साखर तयार झाली, पोत्यात भरली, म्हणून लगेच बाजारात जात नाही. ती गोदामात थप्पीला लागते. विक्रीचा हुकूम निघाला की मगच ट्रक हलतो. श्रोतेहो, असाच कारभार आपल्या शरीरातल्या पेशींत चालतो, आणि तोही साखरेसाठीच.

मधुमेहाला आपण नुसतं 'शुगर' म्हणतो. ही शुगर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन हे एक प्रथिन. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते बनवतात. पेशीच्या आत पातळ पडद्यांची जाळी असते, तिला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. तिथं कच्च्या इन्सुलिनला योग्य घडी पडते. मग ते गॉल्जी पिंडात जातं आणि पडद्याच्याच इवल्या पिशव्यांत भरलं जातं. पिशवीत त्याचा मधला तुकडा कापला गेला की ते कामाचं होतं. एका बीटा पेशीत अशा सुमारे १० हजार पिशव्या वाट बघत असतात. इफ्तारचा खजूर असो की गुळाचा चहा, रक्तात साखर वाढली की बीटा पेशीत कॅल्शियम शिरतं. हाच हुकूम. पिशवीचा पडदा पेशीच्या बाहेरच्या पडद्यात मिसळतो आणि इन्सुलिन रक्तात उतरतं.

कवितेत शब्द जागेवर पडला नाही तर अर्थ हुकतो; पेशीत प्रथिन जागेवर पोचलं नाही तर माणूस आजारी पडतो. ही वाट उलगडायला शास्त्रज्ञांना अनेक दशकं लागली. स्वादुपिंडाच्या पेशींत प्रथिनांचा मार्ग शोधणारे जॉर्ज पलाडे १९७४ च्या नोबेलचे एक मानकरी. प्रथिनातच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल मिळालं. पिशव्या योग्य ठिकाणी, योग्य वेळी कशा रित्या होतात, या शोधासाठी शेकमन, रॉथमन आणि स्यूडोफ यांना ते २०१३ साली मिळालं.

पण पिशव्या मिसळतच राहिल्या तर बाहेरचा पडदा वाढतच जाईल. म्हणून पेशी त्याचा भाग चिमटीत धरावा तसा आत ओढते आणि तोडून परत घेते. पिशवीच्या मानेभोवती डायनॅमिन नावाच्या प्रथिनाचा फास बसतो आणि ती तुटते. पडदा तुटतो कसा, याचा अभ्यास पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडियिल यांनी केला. २०१८ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

आता स्नायूंकडे वळू. साखर आत घेणारी दारं, म्हणजे ग्लूट-४ नावाची प्रथिनं, स्नायूच्या पेशीत अशाच पिशव्यांत आत ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येतात. टाइप-२ मधुमेहात निरोप येतो, पण पुरेशी दारं बाहेर येत नाहीत. साखर रक्तातच फिरत राहते.

मात्र आणखी एक वाट आहे. स्नायू राबू लागला की हीच दारं इन्सुलिनच्या निरोपाशिवायही पृष्ठभागावर येतात. डॉक्टर "रोज चालत जा" म्हणतात, त्यामागं हेही एक कारण आहे. गोळ्या, इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. पण पाय मोकळे करायचे. बावड्याहून राजाराम बंधाऱ्यापर्यंत चालत गेलात, तर मांडीच्या स्नायूंत असंख्य दारं उघडतील. त्यांचा आवाज येणार नाही, पण रक्तातल्या साखरेला वाट मिळेल.