घरी चालते, इथं काहून चालत नाही?

(रिद्धपूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





संस्थेच्या चालकांनी मला संगणकाविषयी दोन शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. प्रारंभीच कबूल करतो की मी बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. संगणकाची पदवी माझ्याजवळ नाही. तेव्हा मी आपणांस शास्त्र सांगणार नाही. माझ्या हातून झालेल्या चुका सांगणार आहे. चुकांपासून माणूस जितका शिकतो तितका पाठांतराने शिकत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना रोज सांगतो. आज ते मला लागू करू द्या.

काही वर्षांपूर्वी वरच्या वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांच्या मदतीने मी शाळेच्या कार्यालयासाठी एक लहानशी आज्ञावली तयार केली. सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच. दाखल-खारीज रजिस्टरातील नोंदी संगणकात ठेवायच्या आणि विद्यार्थी शाळा सोडताना त्याची टी. सी. छापून द्यायची, एवढेच तिचे काम. खेड्यात इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून ती कार्यालयातील टेबलावरच्या संगणकातच चालेल अशी केली. त्यासाठी लागणारी साधने मोफत मिळतात. माझ्या घरच्या संगणकावर आज्ञावली झकास चालली. मोठ्या उमेदीने ती पेन ड्राइव्हवर घेऊन कार्यालयात गेलो. तेथे ती उघडलीसुद्धा नाही. आमचे बडे बाबू चष्मा वर करून म्हणाले, “सर, तुमच्या घरी चालते, मंग इथं काहून चालत नाही?”

मित्रांनो, त्यांचा हा प्रश्न वरवर साधा असला तरी संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या जगातील प्रत्येक माणसाला तो आज ना उद्या ऐकावा लागतो. त्याचे उत्तर शोधताना मला जे उमगले ते एका वाक्यात सांगतो. आज्ञावलीतील बहुतेक दोष आपण लिहिलेल्या गोष्टीत नसतात. न लिहिता मनात गृहीत धरलेल्या गोष्टीत असतात.

पहिलाच दोष घ्या. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की माहितीचा साठा उघडणारा अमुक घटक या यंत्रावर नोंदलेला नाही. मी तो घटक पुन्हा बसविला, संगणक बंद करून सुरू केला, दोन दिवस खटपट केली; उपयोग शून्य. अखेर कारण सापडले. कार्यालयातील विंडोज ६४ बिटांची होती, म्हणून माझी आज्ञावलीही ६४ बिटांची होऊन चालत होती आणि स्वतःसारखाच ६४ बिटांचा घटक शोधत होती. तेथील ऑफिस मात्र जुने, ३२ बिटांचे. त्याच्याबरोबर आलेला घटकही ३२ बिटांचा. एका जातीची आज्ञावली दुसऱ्या जातीचा घटक आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. आज्ञावली ३२ बिटांसाठी बांधली आणि ती लगेच उघडली. माझ्या घरी दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या होत्या. तशाच त्या सर्वत्र असतील हे मी गृहीत धरले होते.

दुसरा दोष परवानगीचा. माझ्या घरी संगणकाचा मालक मीच, त्यामुळे कोणत्याही फोल्डरात लिहिण्याचा मला अधिकार. कार्यालयात बाबूंचे खाते सामान्य. आज्ञावली जेथे बसविली त्याच फोल्डरात मी माहितीही ठेवत होतो, आणि विंडोज त्या जागी सामान्य खात्याला लिहू देत नाही. बाबूंनी चाळीस नोंदी भरल्या, पण एकही जतन झाली नाही. मला कोणी सल्ला दिला की बाबूंनाच मालकाचे खाते देऊन टाका. हा उपाय सोपा, पण वाईट. शिपायाला कपाट उघडता येत नाही म्हणून तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देण्यासारखा तो आहे. योग्य उपाय असा की आज्ञावली एका जागी व माहिती दुसऱ्या जागी ठेवावी, आणि माहितीच्या जागेपुरतीच लिहिण्याची परवानगी द्यावी.

या दोन दोषांनी माझा वेळ गेला, परंतु कोणाचे नुकसान झाले नाही. तिसरा दोष तसा नव्हता, म्हणून तो सविस्तर सांगतो.

नोंदी भरताना काही जन्मतारखा संगणक घेत नसे. २५/०७ अशी तारीख टाकली की तो चूक दाखवी. बाबूंनी प्रयत्न करून शोधले की महिना आधी टाकला की तो घेतो. त्यांनी तशा नोंदी भरल्या, आणि प्रश्न सुटला असे मलाही वाटले. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत टी. सी. वाटल्या. दोन दिवसांनी एक पालक भगिनी कार्यालयात आल्या. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. मुलाने घरी कागद वाचून दाखविला होता. त्या म्हणाल्या, “सर, आमची पोरगी पावसाळ्यातली हाये. तुमच्या कागदात उन्हाळ्यातली काहून झाली?”

मी कागद पाहिला. अंकात तारीख होती ४/७/२०११, रजिस्टरात होती तीच. खाली अक्षरात छापले होते, सात एप्रिल दोन हजार अकरा. मला घाम फुटला.

झाले होते असे. कार्यालयातील संगणकावर तारखेची पद्धत अमेरिकेची होती. तेथे महिना आधी व दिवस नंतर लिहितात. माझी आज्ञावली तारीख वाचताना संगणकाची जी पद्धत असेल तीच वापरत होती. घरी पद्धत भारताची, म्हणून सर्व ठीक. कार्यालयात २५/०७ आली की पंचविसावा महिना नसल्याने संगणक अडे. ०४/०७ आली की मुकाट्याने ७ एप्रिल समजून ठेवून घेई. अंकात छापताना पुन्हा महिना आधी छापी, म्हणून तपासणीत ती बरोबर दिसे. काही कागदांवर ७/२५ असे विचित्र आकडे येत होते. यंत्राची पद्धत म्हणून आम्ही ते सोडून दिले. ती धोक्याची घंटा होती, आम्ही ऐकली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक हिशेब करा. महिन्याच्या १ ते १२ तारखा बारा महिन्यांत १४४ होतात. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा कोणतीही चूक न दाखवता बदलतात. वर्षातील बाकीच्या २२१ तारखांवर संगणक अडतो. म्हणजे जो दोष ओरडतो तो आपला मित्र समजावा. खरा घात गप्प राहणारा दोष करतो.

पालकहो, जन्मतारखेची चूक ही किरकोळ गोष्ट नाही हे आपण जाणता. ती दहावीच्या प्रमाणपत्रात जाते, तेथून शिष्यवृत्तीच्या अर्जात, पासपोर्टात, नोकरीच्या कागदात जाते. मुलाने शाळा सोडल्यावर नोंद बदलायची तर पुरावे गोळा करा, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी मिळवा, खेटे घाला. मजुरी बुडवून ते खेटे घालणारा बाप माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आम्ही छपाई थांबविली, रजिस्टर काढले, आणि तीन संध्याकाळी बसून एकेक नोंद हाताने ताडून पाहिली. दिलेल्या टी. सी. परत मागवून दुरुस्त करून दिल्या. त्यानंतर आज्ञावलीत दिवस, महिना व वर्ष यांचे तीन वेगळे रकाने केले, महिना नावाने निवडायचा ठेवला, आणि आत साठविताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरवून टाकला. हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे, आय. एस. ओ. ८६०१ हे ते मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या जुन्या रजिस्टरात जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोनदा का लिहितात, हे मला त्या दिवशी समजले. एकाने चूक केली तर दुसऱ्याने ती पकडावी. ही युक्ती संगणक येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिनेच आम्हांला वाचविले.

केवळ आमच्यासारख्या नवशिक्यांचेच असे होते असे मात्र समजू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यात एरियान-४ या जुन्या यानाच्या आज्ञावलीचा भाग जसाच्या तसा घेतला होता. नवे यान अधिक वेगाने जात होते. वेगाशी संबंधित एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि मार्गदर्शन कोलमडले. जुन्या यानात ती संख्या मावत असे, म्हणून नव्यातही मावेल असे गृहीत धरले गेले. गृहीत मोठे की लहान, त्याची जात एकच.

आता नावांविषयी. आपल्या समाजात हा त्रास घरोघरी आहे. ‘शेख’ हे आडनाव रोमन लिपीत कोणी ए-आय घालून लिहितो, कोणी ई-आय, कोणी नुसता ई. बापाच्या कागदावर एक, मुलाच्या कागदावर दुसरे. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. उर्दूत तर आणखी गंमत आहे. अरबी कळफलकावरील ‘ये’ आणि उर्दू कळफलकावरील ‘ये’ शब्दाच्या मध्ये डोळ्यांना सारखीच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक निराळे. ‘काफ’चेही तसेच. एकाने टाकलेले नाव दुसऱ्याने शोधले तर सापडत नाही. मराठीत ‘ॲ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, किंवा ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन संकेतांनीही. नावापुढे चुकून राहिलेली मोकळी जागाही तेच करते. म्हणून आम्ही नियम केला की नाव रजिस्टरात जसे आहे तसेच उतरवायचे, आपल्या मनाने ‘सुधारायचे’ नाही. आणि शोधण्यासाठी अक्षरांचे रूप एकसारखे करून वेगळी प्रत ठेवायची. पालकांनाही विनंती की मुलाला शाळेत घालतानाच जन्मदाखल्यावरचे नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा.

दोष शोधायचा कसा, असे विद्यार्थी विचारतात. माझा अनुभव असा. प्रथम, पडद्यावरची सूचना पूर्ण वाचा. इंग्रजी आहे म्हणून घाबरून खिडकी बंद करू नका. दुसरे, दोष पुन्हा घडवून पाहा. जो दोष हवा तेव्हा घडविता येतो तो अर्धा सापडल्यासारखाच. तिसरे, एका वेळी एकच बदल करा. पाच बदल एकदम केले आणि आज्ञावली चालली, तर कशाने चालली हे कळत नाही. चौथे, लिहून ठेवा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून खाली टीप लिहिली. ती वही अजून जपून ठेवलेली आहे. आपणही शंभर पानी वही ठेवावी: तारीख, दोष, कारण, उपाय.

ज्या गावात आपण बसलो आहोत त्याचीही आठवण या निमित्ताने करू या. येथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. गावाची ही भाषिक पुण्याई ओळखूनच २०२४ मध्ये येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. परंपरा सांगते की पुढे धामधुमीच्या काळात ग्रंथाची मूळ प्रत गेली, आणि महानुभाव मंडळींनी आठवणीतून तो पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. आपणां मुसलमानांना तर हजरत अबू बकर यांच्या काळची हकीकत लहानपणापासून ठाऊक आहे. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत जैद बिन साबित यांच्याकडे कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम सोपविले गेले, आणि त्यांनी ते साक्षीपुरावे घेऊन पार पाडले. पवित्र ग्रंथाची आणि कार्यालयातील कागदांची बरोबरी मी करीत नाही. जपणूक कशी करावी एवढेच त्यातून घ्यावे. मौल्यवान गोष्ट एकाच ठिकाणी ठेवू नये आणि न ताडता उतरवू नये. आमच्या कार्यालयात आता माहितीच्या तीन प्रती असतात, त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर. वीज जाते, डिस्क बिघडते. प्रत असली की झोप लागते.

नवी आज्ञावली बसविण्याचे आमचे नियमही थोडक्यात सांगतो. शाळेतील सर्वांत जुन्या संगणकावर ती आधी चालवून पाहायची. बाबूंच्या खात्यातून चालवायची, आपल्या नव्हे. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्यायचा आणि मागची आवृत्ती पुसायची नाही. पहिले तीन महिने रजिस्टर व संगणक दोन्ही चालू ठेवायचे. आणि आपण काय काय गृहीत धरले आहे ते एका कागदावर लिहून आज्ञावलीसोबत द्यायचे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की ती घटकेत आज्ञावली लिहून देते. विद्यार्थ्यांनी तिचा उपयोग जरूर करावा. परंतु कार्यालयातील संगणकावर तारखेची पद्धत कोणती, बाबूंच्या खात्याला परवानगी किती, आणि ती मुलगी पावसाळ्यात जन्मली की उन्हाळ्यात, हे तिला सांगितल्याशिवाय कळत नाही. ते पाहणारा माणूस लागतोच. ‘अल्गोरिदम’ हा शब्द ज्यांच्या नावावरून आला ते अल-ख्वारिज्मी नवव्या शतकात बगदादेत काम करीत होते. हे शास्त्र आपल्याला परके नाही. आपणच त्यापासून दूर राहू नये. मुलींनाही यात मागे ठेवू नका, ही पालकांना हात जोडून विनंती.

त्या भगिनी कागद घेऊन परत आल्या नसत्या, तर ती चूक मुलीला जन्मभर पुरली असती. म्हणून शाळेतून आलेला प्रत्येक कागद घरी मोठ्याने वाचून घ्या, आणि शंका आली तर संकोच न करता या. “काहून?” असे विचारणारा पालक आम्हांला हवा आहे.